मागून हाक मारून बघा

बाळकुम, ठाणे
७ जुलै २०२४

दीड तास उभी होते मी तुमच्या फाटकाबाहेर. हातात डबा, अंगावर अर्धी भिजलेली साडी. सकाळी सहाला घर सोडलं, कल्याणला एसटी बदलली, मुरबाडला जीप पकडली, त्यात चौदा माणसं आणि दोन कोंबड्या. आणि तुमचा वॉचमन मला सांगतो, आज भेटीचा दिवस नाही. म्हटलं, भेट नको, हा डबा तेवढा पोचव. तो डबा घेऊन आत गेला आणि तसाच परत घेऊन आला. म्हणे एकट्या मुलीसाठी खाऊ चालत नाही, बाकीच्या मुलांच्या मनात तुलना येते. पंचवीस करंज्या होत्या. तुलना येते तर वाटून खा ना! शेवटी मी त्या परतीच्या जीपमध्ये वाटल्या. ड्रायव्हरने चार खाल्ल्या. त्याच्या मनात काय आलं ते मी विचारलं नाही.

आता नमस्कार. मी गंगुबाई धाकू घाडी. तुमच्या सातवीत जूनपासून आलेली संचिता साईनाथ घाडी, तिची मी आजी, बापाची आई. चौथी शिकलेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. वागळे इस्टेटमध्ये एकवीस वर्षं प्रेस मशीनवर पत्र्याची झाकणं काढली, त्याने बोटं अशी झालीत.

माझ्या मुलाला आणि सुनेला, ऐश्वर्याला, तुमची शाळा फार आवडलीय. दोघं दिवसभर ऑफिसात, पोरगी घरी माझ्याजवळ मोबाइल घेऊन बसलेली, म्हणून त्यांनी शोधून काढली. नंबर नाही, मार्क नाही, छडी नाही, फोन नाही. सूर्य मावळताना सगळ्यांनी टेकडीवर गप्प बसायचं. ऐश्वर्या म्हणाली, "आई, तिथे मुलं स्वतःकडे बघायला शिकतात." मी म्हटलं, आरसा आपल्याकडे पण आहे. तर दोन दिवस रुसली.

माझं सांगणं एवढंच. ही पोरगी बोलणारी आहे. जेवताना बोलते, झोपेत बोलते, बाथरूमचं दार लावून आत बोलते. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला विचारते, काका तुम्हाला एवढा घाम का येतो. ती बोलतेय तोवर ती बरी आहे असं समजायचं. गप्प झाली की मला कळवायचं. फोन तुम्ही देत नाही, तर कार्ड टाका.

गंगुबाई घाडी


सहजबोध निवासी विद्यालय
ता. मुरबाड
१६ जुलै २०२४

आदरणीय गंगुबाई,

सप्रेम नमस्कार. आपल्याला फाटकाबाहेर तिष्ठावे लागले, याचा मनापासून खेद वाटतो. नियम माणसांसाठी असतात हे खरे; पण एका मुलासाठी तो वाकवला, की दुसऱ्याच्या मनात पहिली जखम होते.

आपल्या पत्रातले एक वाक्य मी शिक्षकांच्या सकाळच्या बैठकीत वाचून दाखवले. "ती बोलतेय तोवर ती बरी आहे." आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. मुलांच्या बडबडीला आपण मोठी माणसे चैतन्य समजतो. पण पुष्कळदा ती आतल्या अस्वस्थतेपासूनची पळवाट असते. संचिता फार गोड मुलगी आहे. तिच्या शब्दांखाली काय आहे, ते तिचे तिलाच दिसावे एवढीच आमची इच्छा. वसतिगृहाच्या नीरजाताई चोवीस तास तिच्यासोबत आहेत. आपण निश्चिंत असावे.

दर रविवारी मुले घरी पत्रे लिहितात. ती आम्ही वाचत नाही. आपणही तिला जरूर लिहावे.

आपला,
सुधीर सबनीस
मुख्याध्यापक


सहजबोध
४ ऑगस्ट २०२४

आजी,

करंज्यांचं मला कळलं!! वॉचमनकाकांनी गुपचूप सांगितलं. मी आधी रडले आणि मग माझ्या वाटणीच्या मनातल्या मनात खाल्ल्या.

इथे सकाळी पाचला घंटा होते. मग पक्षी ऐकायला जायचं. फक्त ऐकायचं, नाव विचारायचं नाही. मी विचारलं हा कुठला, तर नीरजाताई म्हणाल्या, नाव कळलं की तू ऐकणं थांबवशील. मग मीच त्याचं नाव सुदेश ठेवलं. आपल्या खालच्या मजल्यावरचे सुदेशकाका सकाळी खाकरतात ना, सेम तसा ओरडतो. सगळ्या मुली हसल्या. ताई पण हसल्या, पण मग म्हणाल्या, संचिता, तू आता दर रविवारी अर्धा दिवस बोलण्याचा उपवास कर. ती शिक्षा नाहीये हां. इथे शिक्षा नसते. पण उपवास फक्त मलाच आहे.

शाळेच्या मागे ओढा आहे, तिथे पोहायला नेतात. मागच्या आठवड्यात मी डुबकी मारलेली, तेव्हापासून डावा कान ठणकतोय. आत कोणीतरी टाचणी घेऊन बसलंय असं वाटतं. मम्मीला सांगू नकोस. ती लगेच येईल आणि सगळ्यांना सॉरी सॉरी करत फिरेल. तूच काहीतरी सांग. तुला माहीत असतं.

तुझी,
संचिता


बाळकुम
११ ऑगस्ट २०२४

संचे,

कान पिळायला पाहिजे तुझा, पण दुखतोय म्हणून सोडते. पावसात ओढ्याचं पाणी गढूळ असतं, त्यात डोकं घालायची काय गरज होती? तुझ्या शाळेला तरी कळायला पाहिजे होतं.

आईला सांगत नाही. ती मोबाइलवर शोधेल, शंभर रोग सापडतील, आणि मग माझ्या डोक्याला ताप. पंधरा ऑगस्टला दोघं तुला भेटायला येतायत. त्यांच्याबरोबर केसांच्या तेलाची म्हणून बाटली देते. केसांना लावू नको. तिळाच्या तेलात लसणीच्या पाकळ्या काळ्या होईपर्यंत कढवल्यात. गरम पाण्यात बाटली ठेवून तेल कोमट करायचं, झोपताना चार थेंब कानात, वर कापूस. तुझ्या बापाचा कान असाच बरा केलेला मी, आणि तुझ्या आजोबांचा पण.

आणि तिथे रडत बसू नको. ऊठसूट दुखतंय दुखतंय करणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नाही, हे मी कंपनीत बघितलंय. दात दाबून राहा.

सुदेश नाव चांगलं आहे. खालच्याला सांगितलं नाही.

आजी


सहजबोध
२५ ऑगस्ट २०२४

आजी,

तुझं तेल भारी आहे! चार दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी कानात फट् असं झालं, पिवळं पाणी आलं आणि दुखणं एकदम बंद! जादू. आता त्या बाजूला नुसता समुद्रासारखा आवाज येतो. उजवा पण थोडा ठणकायला लागलाय, त्यात पण घालते.

दात दाबून राहिले.

संचिता


बाळकुम
१ सप्टेंबर २०२४

संचे,

बघ, बोलले होते ना. तेल संपलं तर कळव, अजून पाठवते.

आजी


सहजबोध
२२ सप्टेंबर २०२४

आजी,

मी बरी आहे. इथे शांत आहे. मला आता संध्याकाळचं टेकडीवरचं बसणं सगळ्यात आवडतं. तेव्हा कोणीच बोलत नाही.

संचिता


सहजबोध निवासी विद्यालय
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय गंगुबाई,

आमच्याकडे प्रगतिपुस्तक नसते. सत्राच्या अखेरीस आम्ही पालकांना मुलाचे निरीक्षण लिहून पाठवतो. संचिताच्या आईवडिलांना ते पाठवले आहेच. पण तिच्याविषयी पहिली काळजी आपण व्यक्त केली होती, म्हणून नीरजाताईंनी लिहिलेला मजकूर आपल्यासाठीही उतरवून देत आहे.

"जूनमध्ये संचिता सतत बोलत असे. आज ती ऐकते. कुणी बोलू लागले, की ती आपले सारे लक्ष बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, त्याच्या ओठांवर एकवटते. इतक्या एकाग्रतेने ऐकणारे मूल मी माझ्या अकरा वर्षांत पाहिलेले नाही. हाक मारली, की पूर्वीसारखी धावत सुटत नाही. बाहेरच्या प्रत्येक आवाजाला तत्काळ प्रतिसाद देण्याची तिची सवय गळून पडली आहे. उत्तर देण्यापूर्वी थांबते. पुष्कळदा नुसतीच हसते. सायंकाळच्या मौनातून ती सर्वांत शेवटी उठते; घंटा झाली तरी बसून राहते. वसतिगृहातही तिने खिडकीजवळची, थोडी दूरची खाट आनंदाने स्वीकारली आहे."

मला वाटते, आपल्या मनातल्या शंकेला याहून सुंदर उत्तर नसेल.

आपला,
सुधीर सबनीस


बाळकुम
१३ ऑक्टोबर २०२४

गप्प झाली की कळवा म्हटलं होतं. तुम्ही कळवलंत, पण पेढे वाटल्यासारखं.

नमस्कार नंतर करते. आधी हे वाचा. माझ्या शेजारच्या मशीनला सुमती म्हणून एक बाई होती. प्रेस मशीन असं धाडधाड पडायचं की शेजारणीला काही सांगायचं तर तिचा दंड धरावा लागायचा. सहा वर्षांनी सुमती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. काही विचारलं की आधी थांबायची, मग हसायची. सुटीचा भोंगा झाला तरी हात चालूच. सुपरवायझर इतका खूश, की आम्हाला सांगायचा, बघा, सुमतीबाई कशी मन लावून काम करते, तुम्ही नुसत्या कालवा करता. एक दिवस पाठीमागून हातगाडी आली, सगळ्या ओरडलो, सुमती हलली नाही. पाय मोडला तेव्हा कळलं की दोन्ही कान केव्हाचे गेलेत.

तुमच्या बाईंनी लिहिलेलं वाचलं आणि मला सुमती दिसली. ऐश्वर्याने तो कागद फ्रिजवर लावलाय. घरच्या ग्रुपवर टाकलाय, सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. साईनाथला सांगितलं तर म्हणतो, "आई, तुला तिथलं काही पटतच नाही. पंधरा दिवसांनी सुट्टी आहे, येईल तेव्हा बघू." त्याच्या डोळ्यांपुढे तो कागद आहे. माझं कोण ऐकतो?

ऑगस्टमध्ये कान दुखतोय असं पोरीने मला लिहिलं होतं. मग थांबला म्हणाली. तो थांबलेला नाही.

तुम्हाला काही मोठं करायचं नाही. तिच्या मागे दहा पावलांवर उभे राहा, तिला दिसणार नाही असे. मागून हाक मारून बघा. नाही वळली तर स्टीलचं ताट फरशीवर टाका. तरी नाही वळली तर तिला तशीच मिळेल त्या गाडीने मुरबाडच्या दवाखान्यात न्या आणि मला कळवा. मी परत फाटकावर उभी राहायला तयार आहे.

नमस्कार.

गंगुबाई घाडी


सहजबोध निवासी विद्यालय
२० ऑक्टोबर २०२४

आदरणीय गंगुबाई,

आपले पत्र वाचून मन हलले. त्या कामगार भगिनीची कहाणी मी कधी विसरणार नाही.

मात्र मुलाच्या नकळत त्याच्या पाठीशी उभे राहून मोठा आवाज करणे, ही कल्पना आम्हाला अस्वस्थ करते. ती भीतीची परीक्षा आहे, आणि परीक्षा नावाची गोष्टच आम्ही इथून हद्दपार केली आहे. मी नीरजाताईंशी सविस्तर बोललो. समोर बसून बोलले, तर संचिता उत्तम प्रतिसाद देते असे त्या सांगतात. कारखान्याच्या गदारोळात कान गमावलेली स्त्री आणि टेकडीवरच्या शांततेत रमलेले मूल, यांची तुलना करताना कदाचित आपल्या वेदनेचा चष्मा आड येत असेल. हे मी अत्यंत आदराने लिहितो आहे.

सव्वीस तारखेपासून दिवाळीची सुट्टी आहे. आपण तिच्याजवळ बसा. तिची शांतता आपल्यालाही जाणवेल.

आपला,
सुधीर सबनीस


बाळकुम
१७ नोव्हेंबर २०२४

ताट मी टाकलं.

सत्तावीस ऑक्टोबरला, रविवारी सकाळी. पोरगी हॉलमध्ये खाली बसून कंदिलाचे कागद कापत होती, पाठ माझ्याकडे. मी आधी हाक मारली. संचे. मग जोरात. मग ताट. ऐश्वर्या स्वयंपाकघरातून किंचाळत धावत आली. खालचा सुदेश वर आला काय पडलं बघायला. संचिता कागद कापत होती. आईची सावली कागदावर पडली तेव्हा तिने मान वर केली, आणि आम्हा तिघांची तोंडं बघून हसली. तुमच्या बाईंनी लिहिलंय ना, नुसतीच हसते. तसंच.

ठाण्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं. डाव्या कानाचा पडदा फुटलेला, आत पू, आणि ऐकायची जी बारीक हाडं असतात त्यातलं एक कुजलेलं. उजव्यात पण भरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, कानात काय घातलंत? पोरीला ते कळलं, ती तोंडं बघून कळून घेते. पटकन म्हणाली, "काही नाही, केसांचं तेल गेलं असेल." मला वाचवायला निघालेली. मी सांगितलं, लसणीचं तेल, मी दिलं, आईबापाच्या चोरून दिलं. डॉक्टर मला म्हणाले, "आजी, फुटलेल्या पडद्यावर तेल म्हणजे घाणीत घाण." मग म्हणाले, "पण एवढं तेलाने होत नाही. हे तीन महिने चाललंय. तीन महिने हिच्याजवळ कोणीच नव्हतं का?"

अकरा तारखेला ऑपरेशन झालं. डावा कान गेला असंच धरायचं. उजवा औषधाने परत येतोय, सगळा येईल असं नाही.

ऐश्वर्या तिला घेऊन डोंबिवलीला आईकडे गेली. दवाखान्याच्या दारात मला म्हणाली, "तुम्ही माझ्या मुलीपासून लांब राहा." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तिच्या जागी असते तर हात उचलला असता.

आता माझा प्रश्न. एका खोलीत अकरा मुली आणि चोवीस तास एक बाई. दोन महिन्यांवर पू वाहतोय. उशीचे अभ्रे कोण धूत होतं? वास कोणालाच आला नाही?

गंगुबाई घाडी


सहजबोध निवासी विद्यालय
२६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय गंगुबाई,

काय लिहावे हे कळत नाही. आपले पत्र आले त्या संध्याकाळी आम्ही सर्वजण, शिक्षक आणि मुले, टेकडीवर नेहमीपेक्षा अधिक वेळ बसलो. संचितासाठी बसलो. कुणीही बोलले नाही. नीरजाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

आपल्या प्रश्नामागचा दाह मी समजू शकतो. पण अशा वेळी दोष शोधणे हीसुद्धा एक प्रकारची हिंसा आहे. ती ज्याला दोष देतो त्याच्यापेक्षा देणाऱ्याला अधिक जाळते. आपणही घरगुती उपचाराबद्दल स्वतःला दोष देऊ नये. आपले प्रेम त्यामागे होते. मुलांचे कपडे मुलेच धुतात, हा आमच्या जीवनशिक्षणाचा भाग आहे. आणि संचिताने इथे कुणापाशीही कधी दुखण्याचा उल्लेख केला नव्हता, याची मी खात्री करून घेतली आहे.

जानेवारीत ती परत आली, तर आम्हाला आनंद होईल. वर्गात तिची जागा पुढे ठेवू. फेब्रुवारीत आमचे वार्षिक संमेलन आहे. यंदाचा विषय "ऐकणे" असा ठरला आहे. तिथे संचिताने आपला अनुभव मांडावा, असे सर्वांना वाटते. त्यातून तिलाही बळ मिळेल. तिच्या आईलाही मी याविषयी लिहिले आहे.

आपला,
सुधीर सबनीस


डोंबिवली
१ डिसेंबर २०२४

आजी,

फोनवर मला तुझं काहीच कळत नाही, नुसतं खरखर, म्हणून लिहिते. पप्पा शनिवार-रविवार इथे येतात, त्यांच्याकडे देते. मम्मीला माहीत नाहीये.

पट्टी काढली. उजव्याने कुकरची शिट्टी ऐकू आली. मी शिट्टी झाली शिट्टी झाली करत नाचले, तर डोंबिवलीच्या आजीला रडू आलं. इथे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात आणि एकमेकांशी हळू बोलतात. हळू बोलतात तेव्हा तुझ्याबद्दल असतं. तोंडं बघून कळतं.

मी मम्मीला सांगितलं, तेल मीच मागितलेलं. आणि खरं तर चूक माझीच आहे. मी नीरजाताईंना सांगितलेलं ना. दोनदा. पहिल्यांदा, कान खूप दुखतोय म्हणून. त्या म्हणाल्या, त्याला दुखणं असं नाव देऊ नकोस, डोळे मिटून नुसतं त्याच्याकडे बघ, पळू नकोस. मी बघत बसले. दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये, ऐकू कमी येतंय म्हणून. तर त्या खूप छान हसल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, बाहेरचं कमी झालं की आतलं ऐकू यायला लागतं. पण मला आतलं काहीच ऐकू येत नव्हतं, आजी. मी खूप ट्राय केलं. बाकीच्या मुलींना येत होतं. मुली वास येतो म्हणाल्या आणि माझी खाट खिडकीशी सरकवली, तेव्हा ताई म्हणाल्या, एकटं असणं सुंदर असतं. ते पण मला जमलं नाही. मी नुसती हसायचे.

मी जर नीट बघितलं असतं, तर कान गेला नसता असं मला वाटतं. मम्मी म्हणते असं काही नसतं. पण मम्मी तिथे नव्हती. ताईंना सगळं माहीत असतं.

सरांनी मम्मीला लिहिलंय की मी संमेलनात बोलावं. माझं चुकलं ते सगळ्यांना सांगायचं का?

संचिता


बाळकुम
८ डिसेंबर २०२४

संमेलनाला ती येणार नाही. जानेवारीतही येणार नाही. साईनाथने तुमच्या ऑफिसला तसं लिहिलंय आणि ऐश्वर्याने फ्रिजवरचा तो कागद फाडला, तेवढ्यासाठी बाळकुमला आली होती, माझ्याशी बोलली नाही.

सोबत एक कागद आहे. तो पोरीच्या पत्रातला मजकूर आहे, दोनदा सांगितलं इथपासून सगळ्यांना सांगायचं का इथपर्यंत. मी माझ्या हाताने उतरवलाय, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मूळ पत्र देणार नाही. आता तो कागद वाचा, मग पुढचं.

वाचलात? तुम्ही खात्री करून घेतली असं लिहिलंत. कोणाकडून घेतलीत? जिला सांगितलं तिच्याकडून. जिने सांगितलं तिला विचारायला डोंबिवली लांब पडली.

दोष देणं हिंसा आहे म्हणता, आणि त्याच पत्रात घरगुती उपचारावर अलगद बोट ठेवता. मला ते कळतं, चौथी असले तरी. तर माझा दोष मीच सांगते, तुम्हाला त्रास नको. तेल मी दिलं. खोटं नाव सांगून दिलं. आईबापाला कळू दिलं नाही. दिवाळीआधी तुम्हाला लिहिलं तेव्हाही तेलाचं लपवलं. आणि त्याच्याहून वाईट, दात दाबून राहा असं मी त्या पोरीला लिहिलं. तुमच्या बाईंनी सांगितलं बघत राहा, मी सांगितलं दाबून राहा. तिने दोघींचं ऐकलं. अशी आज्ञाधारक पोर आमच्या घरात कधी झाली नव्हती.

हे सगळं मी संचिताला लिहून दिलंय. चूक माझी, तुझी नाही, असं लिहून खाली पूर्ण नाव घातलं. ऐश्वर्यालाही दिलंय. तिने माफ करावं म्हणून नाही दिलं. खरं काय ते तिला माझ्या हातचं मिळावं म्हणून दिलं.

पण माझ्या लिहिण्याने पोरीच्या डोक्यातलं जात नाही. साईनाथ सांगतो, माझं पत्र वाचून ती म्हणाली, "आजी मला बरं वाटावं म्हणून लिहितेय." बारा वर्षांची मुलगी समजतेय, की आपल्याला आपलं दुखणं नीट बघता आलं नाही म्हणून कान गेला. परवा क्लासच्या बाईंनी काही विचारलं, ते ऐकू आलं नाही, तर बाईंनाच सॉरी म्हणाली. डॉक्टर हे काढू शकत नाहीत. आई काढायला गेली, निघालं नाही. ताईंना सगळं माहीत असतं, असं तिने लिहिलंय ना. मग ज्यांना माहीत असतं त्यांनीच काढायचं.

म्हणून या पत्राला उत्तर तुम्ही लिहायचं नाही. तुमचं मराठी फार सुंदर आहे, त्यात हो कुठे आणि नाही कुठे ते सापडत नाही. उत्तर नीरजाबाईंनी लिहायचं, आणि माझ्या नावाने नको, संचिताच्या नावाने. डोंबिवलीचा पत्ता मागच्या बाजूला घातलाय. तू मला दोनदा सांगितलंस, मी तुला दवाखान्यात नेलं नाही, चूक माझी होती, तू काहीच चुकली नाहीस. एवढं लिहायचं. आत बघा, बाहेर बघा, शांतता, यातलं काही घालायचं नाही. टेकडीवर बसून विचार करायचा नाही. तुम्ही शेजारी बसून सांगायचं नाही. बाईंनी एकटीने लिहायचं, मोठ्या अक्षरात, खाली सही करून, आणि मुरबाडला जाऊन पोस्टात स्वतः टाकायचं.

गंगुबाई धाकू घाडी